रावसाहेबच्या रकान्यातली सही

माणूस घरी राहतो की नाही, हे त्याच्या घरी विचारायचं नसतं. ते गावातल्या पिठाच्या गिरणीत विचारायचं. घरचे खोटं बोलतात, शेजारी भांडणाच्या हिशेबानं बोलतात आणि पोलीस पाटील "चौकशी करून कळवतो" म्हणून चहा पाजतात. गिरणीवाल्याच्या मात्र हातात रोजचा डबा येतो. अमक्याकडं सध्या किती माणसं जेवतात, हे तो डबा उचलूनच सांगतो. तीस वर्षांच्या नोकरीत जपलेलं हे गुपित आहे. आता निवृत्त झालोय, तेव्हा फोडायला हरकत नाही.

मी परिवीक्षा अधिकारी होतो. हे काय असतं, असं माझ्या सख्ख्या मेहुण्यानंही वीस वर्षांनी विचारलं होतं, म्हणून सांगतो. एखाद्यावर पहिल्यांदाच गुन्हा सिद्ध झाला, गुन्हा फार भयंकर नाही, मागे संसार आहे, तर कोर्ट त्याला कधीकधी तुरुंगात न धाडता घरी धाडतं. त्याच्याकडून एक बंधपत्र लिहून घेतात. इतकी वर्षं नीट वागेन, दारूला शिवणार नाही, परवानगीशिवाय जिल्हा सोडणार नाही, महिन्यातून एकदा अधिकाऱ्यासमोर हजेरी लावीन. तो अधिकारी म्हणजे मी. त्याला सावरायचं आणि त्याच्यावर नजरही ठेवायची, अशी दोन्ही कामं कायद्यानं एकाच माणसावर टाकली आहेत. पहिलं मी जमेल तसं केलं. दुसरं मनापासून केलं.

संशय हा माझा मूळचाच स्वभाव. श्रीरामपूरकडचा एक जण दर हजेरीला बडीशेप चघळत यायचा. मी त्याला अर्धा तास बसवून ठेवायचो, बडीशेप संपेपर्यंत. संपली की दारूचा वास यायचाच. तेव्हापासून बडीशेप खाणारा माणूस दिसला की मी सावध होतो. आमचे जावईबापू लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले आणि जेवणावर बडीशेप मागितली, तेव्हा मी त्यांच्याकडं असं काही पाहिलं की त्यांनी पुन्हा ती आमच्या घरात मागितली नाही. बायको अजून यावरून मला टोमणे मारते.

तर अशा माणसाच्या वहीत रावसाहेब नावाचा एक जण आला. नाव बदललंय. आमच्या नगर जिल्ह्यात (पाटीवर आता अहिल्यानगर झालं, एसटीत कंडक्टर अजून नगरच ओरडतो) निम्मी माणसं बारशालाच साहेब होतात. रावसाहेब, भाऊसाहेब, अण्णासाहेब. त्यामुळं समोर उभा असलेला आरोपी रावसाहेब आणि खुर्चीत बसलेला मी नुसता साहेब, असा प्रकार वारंवार व्हायचा.

हा रावसाहेब नेवाशाच्या पलीकडच्या एका गावचा, विहिरी खोदणारा. विहिरीतून दगडमाती वर काढायला जी क्रेन लावतात तिला आमच्याकडं यारी म्हणतात. यारीवाला पिऊन आला, भरलेली बादली खाली माणसं असताना सुटली, आणि रावसाहेबपासून हाताच्या अंतरावर पडली. रावसाहेब वर आला आणि टिकावाच्या दांड्यानं त्यानं यारीवाल्याचा जबडा फोडला. गुन्हा शाबीत झाला. शिक्षेआधी कोर्टानं माझ्याकडून अहवाल मागवला. मी गिरणीपासून शाळेपर्यंत सगळीकडं चौकशी केली आणि संशय घ्यावा असं काही सापडेना, म्हणून जरा नाराजीनंच "सुधारण्यास योग्य" असं लिहिलं. दोन वर्षांच्या बंधपत्रावर तो घरी गेला.

हजेरीसाठी त्यानं नगरला यायची गरज नव्हती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मीच त्याच्या तालुक्याच्या गावी जाऊन बसायचो. त्या गावाचं नावही लिहीत नाही. एक खोली, एक टेबल, एक वही आणि गफूरभाई. गफूरभाई आमचा शिपाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पाच वक्ताचा नमाजी, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त दयाळू. म्हणून त्याच्यावरही माझं लक्ष असायचं.

त्या वर्षी संगमनेरकडची जागा रिकामी झाली आणि तिचा भार माझ्या डोक्यावर आला. दोन्हीकडचा सोमवार एकच. जानेवारीपासून चार महिने मी या तालुक्याला फिरकलोच नाही. गफूरभाईनं वही उघडायची, लोकांच्या सह्या घ्यायच्या आणि बंद करायची. नियमात हे बसत नाही. पण माणसंच नसली की खात्याला नियम थोडे आखूड पडतात.

उन्हाळ्यात मी परत गेलो आणि सवयीनं वही चाळू लागलो. रावसाहेबची सही मला ठाऊक होती. तो चौथीत शाळा सोडलेला. त्याचा 'रा' कलायचा आणि पुढची अक्षरं त्याला धरून कशीबशी उभी राहायची. इथं मात्र चार महिने ओळीनं गोल, टपोरी, शाळेतल्या फळ्यावर असावीत अशी अक्षरं होती. मी गफूरभाईला हाक मारली.

"ही कुणाची सही?"

"ती बाई येते ना साब, त्याची बायको. दर महिन्याला वेळेवर. मला वाटलं तुमची परवानगी हाय."

मी त्याला खूप बोललो. परवानगी आहे असं त्याला का वाटलं, हे मात्र विचारलं नाही.

रावसाहेबच्या घरी न जाता मी थेट त्याच्या गावची गिरणी गाठली. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. "त्या घरचं दळण म्हंता? संक्रांतीपून निम्म्यावर आलंय सायेब. पयलं पाच शेर बाजरी यायची, आता अडीच." मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. मी खोलीवर येऊन अहवाल लिहिला. आरोपी परवानगीशिवाय जिल्हा सोडून गेला आहे, पत्नीमार्फत खोट्या सह्या करून कार्यालयाची फसवणूक केली आहे, सबब बंधपत्राचा भंग झाला आहे. 'सबब' हा शब्द मला फार आवडायचा.

कोर्टानं वॉरंट काढलं. पोलिसांना रावसाहेब बीड जिल्ह्यात एका विहिरीच्या तळाशी सापडला. आमच्या हद्दीपासून तासाभराच्या रस्त्यावर. त्याला सबजेलमध्ये ठेवलं. आता प्रश्न एवढाच होता, की कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावून त्याला तुरुंगात धाडणार, की नाही. कायद्यात आणखी एक वाट आहे. भंग पहिलाच असेल, तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र पुढं चालू ठेवता येतं. एका बाजूला पन्नास रुपये आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग. मधे माझा अहवाल.

चौथ्या दिवशी त्याची बायको मंदा माझ्यासमोर उभी राहिली. तिशीची असेल. टेबलावर तिनं एक स्टीलचा डबा ठेवला. मी झाकण उघडलं. भुशात पुरलेली गावरान अंडी.

"हे काय?" मी ओरडलो. "लाच देता?"

"अंडी हायेत सायेब."

"उचला आधी!"

तिनं डबा उचलला, पण गेली नाही. मग म्हणाली, "अंडी नगं, मंग काय पायजे तुमाला? एकदाच सांगा. माज्याच्यानं हुईल का न्हाई ते बघते."

मी तिच्यावर संशय घेत होतो ते ठीक, ते माझं कामच. तीही माझ्यावर तेवढाच संशय घेत होती, हे मला झोंबलं. मी विचारलं, नवऱ्याच्या नावानं सह्या का केल्या?

"का म्हंजी? रेशनला माजाच अंगठा चालतो, समद्या घराचं धान्य मिळतं. घरकुलाच्या कागदाला माजी सही चालली. शाळंत पोरीच्या दाखल्याला चालली. घरातलं एक मानूस आलं म्हंजी घर आलं. हितं बी तेच. आनि हे काय पळून गेल्ते व्हय? विहिरीवर गेल्ते. हिकडं कामच न्हाई."

मला वाटलं, पढवून आलीय. मी म्हणालो, "हे वकिलामार्फत कोर्टाला सांगा."

तोवर ती एका खाजगी वकिलाकडं जाऊन आली होती. त्यांनी सांगितलेला आकडा तिनं मला सांगितला नाही. एवढंच म्हणाली, "तेवढ्यात माजी धाकली नववीपस्तोर शिकंल."

मी सांगितलं, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. विधी सेवा समिती देते. हक्क आहे तो, उपकार नाही. हे सांगताना मी खरंच चांगल्या मनानं बोलत होतो. तिचा चेहरा आणखी घट्ट झाला.

"ज्यांनी धरलं, त्यांनीच वकील द्यायचा? म्हंजी नवरीकडनं बी तुमीच बोलनार आन नवरदेवाकडनं बी तुमीच."

तिनं सबजेलच्या खिडकीतून नवऱ्याला बजावलं, काहीही झालं तरी कशावर सही करू नको. परिणाम असा झाला, की समितीची वकीलबाई वकीलपत्र घेऊन गेली तेव्हा रावसाहेबनं हात मागं बांधले. "मंदा म्हनली सही करायची न्हाई." वकीलबाई तिशीच्या आतली, खांद्याला मोठी पिशवी, सारखी फोनवर. तिच्याबद्दल माझंही मत काही फारसं बरं नव्हतं. वकीलपत्राशिवाय तिला बोलता येईना. तारीख पुढं गेली आणि रावसाहेब आठ दिवस आणखी आत राहिला. एक सही केली म्हणून तो अडकला होता, आणि एक सही केली नाही म्हणून अडकून पडला. पहिली त्यानं केलीच नव्हती, हे तर वेगळंच.

मंदानं मग काय केलं, ते ऐका. ती दोन दिवस भाकरी बांधून आली आणि कोर्टाच्या मागच्या बाकावर बसली. कुणाशी बोलली नाही. वकीलबाई दुसऱ्यांची कामं कशी चालवते, ते नुसतं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी एका चोरीच्या खटल्यात वकीलबाई सरकारी वकिलांवर अशी काही तुटून पडली, की न्यायाधीशांना तिला खाली बसवावं लागलं. मंदा बाहेर आली आणि व्हरांड्यात मला म्हणाली, "ही सरकारला भेत न्हाई. करा म्हनावं सही."

गावातल्या गिरणीपेक्षा ही पद्धत पक्की होती, हे मी मनात कबूल केलं. ती माझ्या खात्यात असती, तर मी तिला माझ्याआधी बढती दिली असती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वहीच्या पानांच्या नकला काढायच्या होत्या. गफूरभाई पानं उलटत होता. मी म्हणालो, जानेवारीपासून काढ.

"डिसेंबरपासून काढू का साब?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "तिची पयली सही डिसेंबरची हाय."

मी वही ओढून घेतली. डिसेंबरचा पहिला सोमवार. रावसाहेबच्या रकान्यात तीच गोल, टपोरी अक्षरं. आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात, हिरव्या शाईत, माझी आद्याक्षरं.

मग आठवलं. त्या दिवशी ती एकटी आली होती. नवऱ्याच्या उजव्या पंजावर दगड पडला होता, हात सुजून भाकरीएवढा झाला होता. नियमाप्रमाणं मी "गैरहजर, कारण आजारपण" असं लिहून, दाखला मागवून, त्याला वेगळी तारीख द्यायला हवी होती. तेवढ्यासाठी तीन कागद लागतात. मला दोनची एसटी गाठायची होती. मी वही तिच्याकडं सरकवली आणि म्हणालो, "त्याच्या रकान्यात तुम्हीच सही करा. झालं." तिनं केली. मी आद्याक्षरं टाकली आणि एसटी पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली होती, तेही आठवलं.

म्हणजे रेशनच्या अंगठ्यावरून तिनं ताडलेला नियम इथंही लागू आहे, हे मीच तिला लिहून दिलं होतं. गफूरभाईनं तेच पाहून पुढचे चार महिने वही पुढं केली होती. साऱ्या जिल्ह्यावर मी संशय घेत होतो. एका माणसावर घ्यायचा राहून गेला होता.

गफूरभाईनं कपाटाचं दार लावलं. मग हळूच म्हणाला, "कपाटात उंदरं लई झालीत साब. मागं पण दोन वह्या कुरतडल्या." त्याला माझ्या निवृत्तीची तारीख पाठ होती. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हेही त्याला ठाऊक होतं. तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता.

मी वही माझ्या पिशवीत घातली आणि घरी नेली. गफूरभाईवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. खोलीत ती वही आणि मी दोघंच उरलो असतो, तर मी काय केलं असतं, याची मला खात्री नव्हती. घरी निदान बायको होती.

दुसऱ्या दिवशी मी वही कोर्टात नेली. पण बोललो नाही. हे मी लपवणार नाही. मी ठरवलं होतं, की कुणी विचारलं तर सांगायचं. नकला जानेवारीपासूनच्या होत्या, त्यामुळं वकीलबाईलाही डिसेंबरचं पान दिसलं नव्हतं. ती जीव तोडून बोलली, की पोटासाठी गेला, पळाला नाही, पहिलाच भंग धरा. सरकारी वकील म्हणाले, चार खोट्या सह्या म्हणजे पहिला भंग कसा? हा ठरवून केलेला बनाव आहे. त्यांनी माझाच अहवाल वाचून दाखवला. 'सबब' पण वाचला.

न्यायाधीशांनी मंदाला पुढं बोलावलं. "बाई, नवऱ्याच्या नावानं सही करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मंदानं माझ्याकडं पाहिलं. तिला डिसेंबर आठवत होता, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं. आता ही माझं नाव घेणार, म्हणून मी टेबलाची कड धरली.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "माज्या मनानंच केली."

न्यायाधीश म्हणाले, आदेश जेवणानंतर.

मी बाहेर तिला गाठलं. लिंबाखाली ती डबा न उघडता बसली होती. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं?"

मला वाटलं होतं, ती काहीतरी मोठ्या मनाचं बोलेल. ती माझ्याकडं आपण चावऱ्या कुत्र्याच्या बाजूनं जाताना बघतो तसं बघत म्हणाली, "तुमचं नाव घिऊन जाऊ कुठं? ह्यो सुटला तरी अजून वर्सभर तुमच्याच वहीत हाय. न्हाई सुटला तर तुमी आनखी काय लिव्हाल, कुनाला ठावं. तुमाला काय, एक कागद लिव्हायचा."

तीस वर्षं मला वाटत होतं, लोक मला मान देतात म्हणून माझ्यासमोर खाली बघून बोलतात. त्या लिंबाखाली मला खरं कारण कळलं, आणि मला स्वतःची फार शरम वाटली.

जेवणानंतर कोर्ट बसल्याबरोबर मी हात जोडून उभा राहिलो. वही पुढं केली. "साहेब, पहिली सही मी करायला लावली. ही आद्याक्षरं माझी आहेत. पुढच्या सह्या तिनं त्यावरूनच केल्या. अहवालात हे यायला हवं होतं."

न्यायाधीशांनी पान बराच वेळ पाहिलं. मग चष्म्यावरून मला पाहिलं. "हे सकाळी ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं, साहेब."

त्यांनी वही मिटली आणि आदेश सांगायला लागले; रागावले असते तर बरं झालं असतं. आदेश असा झाला, की सह्यांचा दोष आरोपीवर धरता येणार नाही. जिल्हा सोडला हा भंग, पण पहिला. दंड पन्नास रुपये, बंधपत्र कायम. आदेशाची एक प्रत माझ्या वरिष्ठांकडं गेली. मला नोटीस आली, जबाब झाले आणि माझी पेन्शन आठ महिने उशिरा सुरू झाली. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. रावसाहेबचे आत गेलेले सतरा दिवस मात्र कुठल्याच कागदानं परत आले नाहीत. बीडच्या विहिरीवर दुसरा माणूस लागला होता. मी रावसाहेबची माफी मागितली, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "जाऊ द्या सायेब, चालायचंच." मंदा "जाऊ द्या" म्हणाली नाही.

निवृत्त होईपर्यंत माझे पाच सोमवार उरले होते. संगमनेरचा भार मी लेखी नाकारला आणि पाचही सोमवार रावसाहेबच्या तालुक्याला जाऊन बसलो. बाहेरच्या कामासाठी त्याला रीतसर परवानगी काढून दिली, ती दोन पानी निघते आणि एका दिवसात होते, हे मला नोकरीच्या शेवटी समजलं. रावसाहेब येऊन त्याची कललेली सही करायचा. मागोमाग मंदा पुढं व्हायची, कमरेला खोचलेला मोबाईल काढायची आणि वहीच्या पानाचा फोटो घ्यायची. दर वेळी. विचारायची नाही. फोटो मोठा करून, सगळं नीट आलंय का ते बघायची आणि मगच नवऱ्याला "चला" म्हणायची. कार्यालयीन कागदाचा फोटो घेता येत नाही, असा नियम आहे की नाही, हे मी शोधलं नाही.

शेवटच्या सोमवारी आभाळ आलं होतं, खोलीत अंधार होता. रावसाहेबनं सही केली. मी शेजारी हिरव्या शाईत आद्याक्षरं टाकली. मंदानं मोबाईल काढला, तेव्हा मीच उठलो, वही दोन्ही हातांनी दाराच्या उजेडात धरली आणि उभा राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट आहे, तेव्हा दोन शब्द बोलावेत असं माझ्या मनात होतं. तिनं एक डोळा बारीक करून मोबाईल मागंपुढं केला.

"बोट काढा सायेब," ती म्हणाली. "तुमची सही झाकतीया."